एकच संस्था की गावोगावची? महाराष्ट्रातील ज्यू समाजाच्या संघटना आणि त्यांची कामे

महाराष्ट्रातील ज्यू समाजाची मूळ संस्था म्हणजे सिनेगॉग, त्यांचे प्रार्थनागृह. शाळा, महिला मंडळ, वृद्धांसाठीची मदत, तरुणांचे केंद्र हे सगळे नंतर आले. या समाजात बेने इस्रायल बहुसंख्य आहेत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यामुळे शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर ही आडनावे गावांवरून आली. बगदादकडून आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांचा दुसरा, लहान पण श्रीमंत गट मुंबई-पुण्यात स्थिरावला. ससून घराणे त्यांतलेच. या गटाची सिनेगॉग आणि ट्रस्ट वेगळे राहिले.

बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग मुंबईत मांडवी भागात १७९६ साली उभे राहिले. ते शार हारहामीम. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी ते बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर फेडलेला हा नवस होता, असे समाजात सांगितले जाते. ज्या रस्त्यावर ते आहे तो सॅम्युएल स्ट्रीट. कोकणातले लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनला नाव याच वास्तूवरून पडले असे मानले जाते. पुढे अलिबाग, पनवेल, रेवदंडा, पेण, ठाणे, पुणे अशी ही साखळी वाढत गेली. अलिबागचे मागेन अबोथ १८४८ चे, पनवेलचे बेथ एल १८४९ चे आणि ठाण्याचे शार हाशामायीम १८७९ चे.

प्रत्येक सिनेगॉगचा कारभार पाहणारी पदे ठरलेली होती. मुकादम हा प्रमुख, चौगुला त्याचा मदतनीस, गबाई खजिनदार, हझान प्रार्थना चालवणारा आणि समाश वास्तूची देखभाल करणारा. गावगाड्यातली आणि हिब्रू परंपरेतली पदे एकाच कार्यकारिणीत शेजारी बसली. नामकरण, सुंता, बार मिट्झवा (मुलगा वयात आल्याचा संस्कार), लग्न, दफन, सणांच्या प्रार्थना, लग्नाची नोंद आणि गरीब कुटुंबाला गुपचूप दिलेली मदत अशी त्यांची कामे होती. रबाय म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांची परंपरा या समाजात नव्हती. यातली बरीच कामे नोकरी-धंदा सांभाळणारी माणसेच करत आली.

स्वातंत्र्यानंतर इस्रायलकडे स्थलांतर सुरू झाले आणि चित्र पालटले. १९५१ च्या जनगणनेत भारतातील ज्यूंची संख्या २६ हजारांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती सुमारे ४,६५० वर आली, आणि त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक महाराष्ट्रात होते. वास्तू, ट्रस्ट आणि दफनभूमी मात्र पूर्वीइतक्याच राहिल्या. यातून दोन मते तयार झाली. एक मत म्हणते की सगळ्या सिनेगॉगांची मिळून एक प्रादेशिक संस्था असावी आणि सेवा एकाच ठिकाणाहून मिळाव्यात. दुसरे मत म्हणते की गावोगावची सिनेगॉग स्वतंत्र राहिली तरच समाज राहील. ही दोन मते येथे दोन काल्पनिक व्यक्तींच्या तोंडून मांडली आहेत. एक आहेत रायगडातल्या सिनेगॉगचे वयस्क गबाई, आणि दुसरी मुंबईत समाजातील वृद्धांसाठी काम करणारी तरुण कार्यकर्ती.

कार्यकर्ती : काका, रायगडात किती सिनेगॉग आहेत आणि त्यांत नियमित येणारी माणसे किती? प्रत्येकाचा वेगळा ट्रस्ट, वेगळे खाते, वेगळे ऑडिट, वेगळी सर्वसाधारण सभा. छप्पर गळले की प्रत्येक जण वेगळी पावतीपुस्तके छापतो. एकच संस्था केली तर हाच पैसा माणसांवर खर्च करता येईल.

गबाई : माणसांवर म्हणजे कुठल्या माणसांवर, पोरी? मुंबईतल्या. संस्था एक झाली की कचेरी मुंबईत जाणार. मग इथे शुक्रवारी संध्याकाळी दार उघडून दिवा कोण लावणार?

कार्यकर्ती : दार तुम्हीच उघडा. पण आत दहा माणसे नसली तर उघडून उपयोग काय?

हा दहाचा प्रश्न खरा आहे. सार्वजनिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील दहा ज्यू पुरुष हजर असावे लागतात. या गणसंख्येला मिन्यान म्हणतात. ती भरली नाही तर एकट्याने प्रार्थना करता येते, पण तोरा हा धर्मग्रंथ पेटीतून काढून त्याचे जाहीर वाचन करता येत नाही आणि कद्दीश ही मृतांसाठीची प्रार्थना म्हणता येत नाही. सनातनी पद्धतीत स्त्रिया या संख्येत धरल्या जात नाहीत. त्यामुळे ज्या गावात सहा-सात कुटुंबे उरली आहेत तिथे वास्तू सुस्थितीत, दिवे लावलेले, गबाई हजर, आणि तरीही वडिलांच्या पुण्यतिथीला कद्दीश म्हणायला मुलाला दुसऱ्या गावी जावे लागते. समाजसेवेच्या अहवालात ही अडचण कधी दिसत नाही, कारण तिच्यावर खर्च होत नाही. पण या समाजातल्या माणसाला सिनेगॉगकडून सर्वांत आधी हवे असते ते हेच.

गबाई : म्हणूनच सांगतो. सणाला मुंबई-ठाण्याहून माणसे आपल्या मूळ गावी येतात. कोणाचे आजोबा इथले, कोणाची सासुरवाडी इथली. तेव्हा दहा काय, चाळीस होतात. ती येतात कारण हे त्यांचे सिनेगॉग आहे. उद्या ते एखाद्या फेडरेशनची शाखा क्रमांक नऊ झाले, तर कोण येईल?

कार्यकर्ती : सणाला येतात, हे खरे. पण काका, माणूस सणाचे दिवस बघून मरत नाही.

दफनाच्या बाबतीत वेळ फार थोडा असतो. ज्यू रिवाजाप्रमाणे दफन शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होते. मृतदेहाला स्नान घालणे, साधे पांढरे सुती कफन, प्रार्थना, खांदा देणे हे सारे जाणकार माणसांनी करायचे असते, स्त्रीसाठी स्त्रियांनी. मुंबईत वरळीला डॉ. ई. मोझेस मार्गावर बेने इस्रायलांची दफनभूमी आहे. हा रस्ता १९३७ साली मुंबईचे महापौर झालेल्या डॉ. एलिजा मोझेस यांच्या नावाचा. चिंचपोकळीला बगदादी ज्यूंची दफनभूमी आहे. शहरात निरोप फिरला की माणसे जमतात. कोकणातील दफनभूमींची स्थिती वेगळी आहे. त्या गावाबाहेर आहेत, आणि जवळ राहणारे ज्यू कुटुंब आता क्वचितच असते. या कामी प्रादेशिक संस्थेचा लाभ उघड आहे. एक दूरध्वनी, एक वाहन, हे विधी जाणणाऱ्या स्त्री-पुरुषांची एक यादी आणि सर्व दफनभूमींच्या कुंपणासाठी एक निधी असला की गावातल्या गबाईवरचा भार निम्म्याने उतरतो. इथे कार्यकर्तीचे म्हणणे मान्य करण्याला पर्याय नाही.

गबाई : एकच संस्था आम्हाला नवी नाही. १९१७ च्या सुमारास बेने इस्रायल कॉन्फरन्स निघाली, पाठोपाठ ऑल इंडिया इस्रायलाइट लीग निघाली. मोठी मोठी माणसे होती, ठराव झाले, भाषणे झाली. आज कुठे आहेत त्या? अलिबागचे सिनेगॉग त्यांच्या आधीपासून आहे आणि आजही आहे.

कार्यकर्ती : त्या बंद पडल्या, पण त्याच काळातल्या दुसऱ्या संस्था बघा ना. स्त्री मंडळ बघा. शाळा बघा.

इतिहासाचा दाखला दोन्ही बाजूंना देता येतो. कॉन्फरन्स आणि लीग यांच्यात समाजाच्या राजकीय भूमिकेवरून मतभेद होते, आणि दोन्ही कालांतराने थंडावल्या. एकच काम ठरवून घेतलेल्या संस्था मात्र दीर्घकाळ चालल्या. हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायलाइट स्कूल सुरू केले. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने त्याला मदत दिली आणि पुढे सर एली कडूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचे नाव मिळाले. याच किहीमकरांनी लिहिलेला बेने इस्रायलांचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवला छापला गेला. १९१३ मध्ये बेने इस्रायल स्त्री मंडळ स्थापन झाले. त्याच्याशी डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव जोडलेले आहे. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख होत्या आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था मुंबईत उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने.

शाळांची आजची अवस्था कार्यकर्तीच्या दाखल्याला वेगळे वळण देते. कडूरी शाळेत आज बहुतेक सर्व विद्यार्थी ज्यूतर आहेत. भायखळ्याला डेव्हिड ससून यांनी १८६१ मध्ये बांधलेल्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससून ट्रस्टच्या शाळा आहेत, आणि तिथले बहुसंख्य विद्यार्थी मुस्लिम आहेत. कोलकात्याच्या ज्यूइश गर्ल्स स्कूलचीही हीच कथा. संस्था ज्यांच्यासाठी काढली ते निघून गेले, शेजारची मुले आली आणि शाळा चालू राहिली. समाजाने या मुलांना दार बंद केले नाही, ही या संस्थांची मोठी कमाई आहे आणि ती मोकळेपणाने सांगायला हवी. पण समाजाच्या स्वतःच्या मुलांना हिब्रू कोण शिकवणार, सणांची ओळख कोण करून देणार, हा प्रश्न या शाळांनी सुटला नाही.

तो काही प्रमाणात बाहेरून आलेल्या संस्थांनी सोडवला. १८८० मध्ये सेंट पीटर्सबर्गला स्थापन झालेली ओआरटी ही धंदेशिक्षण देणारी संस्था १९६० च्या दशकात मुंबईत आली. तरुणांना तांत्रिक शिक्षण आणि मुलींना नोकरीयोग्य कौशल्ये देण्यापासून सुरुवात झाली. पुढे धर्मशिक्षणाचे वर्ग आणि कोशर, म्हणजे धर्मनियमांना धरून केलेला, पाव बनवणारी बेकरीही आली. त्याच दशकापासून अमेरिकन ज्यूइश जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटीचे काम भारतात सुरू आहे. १९१४ मध्ये निघालेल्या या संस्थेला सगळे जॉइंट म्हणूनच ओळखतात. मुंबईतले एव्हलिन पीटर्स ज्यू कम्युनिटी सेंटर जॉइंटच्याच आधाराने चालते. लहान मुलांचे रविवारचे वर्ग, तरुणांची शिबिरे, ज्येष्ठांचे मेळावे आणि सणांचे कार्यक्रम तिथे होतात. खबाद ही धार्मिक चळवळ कुलाब्याच्या नरिमन हाउसमधून काम करते. २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात तिथले रबाय गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांच्या पत्नी रिव्का मारले गेले, आणि काही वर्षांनी ते केंद्र पुन्हा सुरू झाले.

कार्यकर्ती : वृद्धांचे काम बघा, काका. मुलगा इस्रायलला, मुलगी ठाण्याला, आणि म्हातारी आई चाळीतल्या एका खोलीत. तिला दर महिन्याला औषधे आणि थोडी रोख मदत लागते. कोणीतरी येऊन बसायला लागते. हे तुमचे सिनेगॉग करू शकते का?

गबाई : औषधांचे पैसे आम्हाला झेपत नाहीत, कबूल. पण तिला मदत लागते हे तुम्हाला कळते कसे? ती अर्ज करणार नाही. आमच्याकडच्या बायका लाजेने मरतील, पण अर्ज करणार नाहीत. समाश तिच्या दारात मट्झा घेऊन जातो, तेव्हा चूल पेटलेली नाही हे त्याला दिसते.

साऱ्या वादातले हे सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे. पेसाखच्या सणाला घरोघरी मट्झा, म्हणजे खमीर नसलेली भाकरी, पोहोचवण्याची प्रथा वरवर धार्मिक वाटते. प्रत्यक्षात ती वर्षातून एकदा होणारी घरतपासणी आहे. मट्झा देणाऱ्याला दारातच दिसते की कोण आजारी आहे, कोण एकटे पडले आहे, कोणाच्या घरी किद्दुशसाठी, म्हणजे सणाच्या आशीर्वादाच्या पेयासाठी, काळ्या मनुका भिजत घातल्या आहेत आणि कोणाच्या घरी त्याही नाहीत. कोशर द्राक्षरस मिळत नसल्याने मनुका भिजवून, कुस्करून केलेले सरबत ही बेने इस्रायलांची जुनी पद्धत आहे. मोठ्या संस्थेचा पैसा योग्य घरी पोहोचायचा तर अशी दारात जाणारी माणसे टिकवावी लागतील. त्यांना मानधन द्यावे लागले तरी चालेल. प्रादेशिक संस्थेच्या समर्थकांच्या मांडणीत ही बाजू बहुधा कच्ची राहते.

मलिद्याचेही तसेच. नवस फिटला, लग्न ठरले, नवे घर घेतले की प्रेषित एलियाहू हानाबीच्या नावाने मलिदा होतो. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा आणि फळे एका ताटात मांडून प्रार्थना म्हटली जाते. अलिबाग तालुक्यातील खंडाळा येथे एलियाहूच्या रथाच्या खुणा मानला जाणारा खडक आहे. समाजातील कुटुंबे तिथे जाऊन मलिदा करतात. हे कोणत्याही संस्थेच्या सेवांच्या यादीत बसत नाही. पण एखादे कुटुंब वर्षानुवर्षे समाजाशी धरून राहते ते याच बळावर.

कार्यकर्ती : आणि जमीन, काका? गावातली सिनेगॉगची जागा आज कोटींची आहे. कार्यकारिणीत चार माणसे उरली की बिल्डर येतोच.

गबाई : बिल्डर मुंबईच्या एका कचेरीत चार माणसांना गाठेल, की कोकणातल्या आठ गावांत बत्तीस माणसांना? सांग.

कायद्याची चौकट येथे पुरेशी स्पष्ट आहे. ही सर्व सिनेगॉग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले न्यास आहेत. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मिळकत विकता येत नाही. पण परवानगीचा अर्ज विश्वस्तच करतात. हरकत घ्यायला जागरूक सभासद नसले तर अर्ज बिनविरोध जातो. गबाईंचा बत्तीस माणसांचा हिशेब आकर्षक आहे. मात्र आठ गावांत ती बत्तीस माणसे तरुण असतील आणि सभेला येत असतील, तरच तो खरा ठरतो. येथे मधला मार्ग उपलब्ध आहे. न्यास स्वतंत्र ठेवावेत, पण प्रत्येकाच्या घटनेत अशी दुरुस्ती करून घ्यावी की मिळकतीबाबतचा कोणताही ठराव इतर सिनेगॉगांच्या प्रतिनिधींना कळवल्याशिवाय मंजूर होणार नाही. दुरुस्तीच्या खर्चाचा प्रश्न पैशानेच सुटतो. फोर्टमधील १८८४ च्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगचा जीर्णोद्धार २०१९ मध्ये एका उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानच्या मदतीने झाला. पण मुंबईच्या काळा घोडा परिसरातल्या या वास्तूला मिळणारे लक्ष रेवदंड्याच्या किंवा पेणच्या सिनेगॉगला आपोआप मिळणार नाही. त्यासाठी मागणारी एक मोठी संस्था लागेल.

सरकारदरबारीही एका आवाजाची गरज असते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यानंतर २०१८ मध्ये गुजरातने. शिक्षणसंस्थांचे हक्क, शिष्यवृत्त्या आणि सरकारी नोंदीत स्वतंत्र गणना यांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. ज्यूंच्या विवाहासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. न्यायालये धार्मिक रिवाज विचारात घेतात. म्हणून सिनेगॉगमधला केतुबा, म्हणजे विवाहकरार, आणि त्याची नोंदवही यांना कागदपत्र म्हणून मोठे महत्त्व आहे.

अशा कागदपत्रांचे महत्त्व इस्रायलला गेलेल्यांनाही अनुभवाला आले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रबायांनी बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत वंशाची खातरजमा मागितली. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये ते सर्व बाबतींत समान ज्यू असल्याची घोषणा झाली. आज लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बीरशेबा या शहरांत त्यांच्या संघटना आहेत, सिनेगॉग आहेत, आणि मायबोली हे मराठी नियतकालिकही तिथून निघाले.

गबाई : मग तूच सांग, काय एक करायचे आणि काय वेगळे ठेवायचे?

कार्यकर्ती : वृद्धांचा निधी, दफनाची व्यवस्था, सरकारशी पत्रव्यवहार, दुरुस्तीसाठी पैसा उभा करणे हे एक करा. प्रार्थना, सण, मलिदा, दारात जाणारा समाश हे तुमचे. नोंदवह्यांच्या प्रती मात्र काढायला द्या.

गबाई : नोंदवह्या मूळ जागेवरून हलणार नाहीत.

कार्यकर्ती : हलवायच्या नाहीतच. तिथेच बसून प्रती काढू.

या वाटणीला दोन्ही बाजूंनी विरोध करण्यासारखे फार थोडे उरते. तिच्यातले सर्वांत तातडीचे काम नोंदवह्यांचे आहे. कोकणातील दमट हवेत कागद टिकत नाही, आणि जुन्या नोंदींतली माणसे ओळखणारे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांच्या घरी आजी-आजोबांचा केतुबा, सिनेगॉगच्या जुन्या वर्गणीच्या पावत्या, कार्यकारिणीची इतिवृत्ते किंवा दफनभूमीतल्या कबरींच्या याद्या असतील, त्यांनी त्या आपल्या सिनेगॉगच्या कार्यकारिणीला दाखवाव्यात आणि प्रती काढून मूळ कागद घरी जपून ठेवावेत. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा या भागांतील ज्यूतर शेजाऱ्यांकडेही असे कागद किंवा जुने फोटो असू शकतात. त्यांनीही ते जवळच्या सिनेगॉगला कळवावे.